आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

पुण्यात तळजाई टेकडीच्या पायथ्याशी सकाळी सहाला एक टेबल लागतं. त्यावर स्टीलचे सहा थर्मास, प्रत्येकावर चिकटवलेली चिठ्ठी: दुधी, कारलं, आवळा, कोरफड, गव्हांकुर, गुळवेल. मागे फ्लेक्स, 'इम्युनिटी वाढवा, कॅन्सर टाळा'. टेकडी चढून उतरलेली, पासष्टीतही माझ्यापेक्षा भराभर चालणारी मंडळी तिथे थांबतात, तो कडू पेला तोंड वाकडं करत एका घोटात संपवतात आणि घरच्या पोह्यांकडे वळतात. मलाही आग्रह होतो. "मॅडम, तुम्ही तर डॉक्टर, तुम्हाला काय सांगायचं!" डॉक्टर आहे खरी, पण पॅथॉलॉजिस्ट. पस्तीस वर्षं माणसांपेक्षा त्यांच्या काचपट्ट्याच जास्त पाहिल्या. त्यामुळे माझ्याकडून कुणी औषध मागत नाही आणि मला फुकटचा सल्ला द्यायची सवयही लागलेली नाही. आज तो नेम मोडते.

त्या फ्लेक्सवरचं वाक्य साफ खोटं असतं तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण ते एका ठिकाणी खरं आहे. प्रतिकारशक्ती खरोखर खालावली की काही कॅन्सरांचा धोका वाढतो, आणि थोडाथोडका नाही. प्रश्न एवढाच, की कुणाची खालावली आणि कोणते कॅन्सर? टेबलाभोवती उभ्या असलेल्यांपैकी बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्यांच्या वयाला साजेशी ठणठणीत आहे. ज्यांची ढाल खरंच उतरली आहे ती माणसं याच शहरात दुसऱ्या रांगांमध्ये उभी असतात. एक रांग एआरटी केंद्राबाहेर, एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी. दुसरी किडनी किंवा यकृत बदललेल्यांच्या ओपीडीत. तिसरी, जरा विखुरलेली, संधिवात आणि तत्सम आजारांसाठी वर्षानुवर्षं प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांची. या तिन्ही रांगांना कॅन्सर टाळण्यासाठी काय मिळतं ते पाहिलं की टेबलावरच्या थर्मासांचा राग यायला लागतो.

आधी थोडं मागे जाऊ, कारण ही कल्पना वाटते तितकी सरळ कधीच नव्हती. शरीरात बिघडलेल्या पेशी सतत तयार होतात आणि संरक्षण यंत्रणा त्या वेचून मारते, नाहीतर कॅन्सरचं प्रमाण भयंकर वाढलं असतं, असा तर्क पॉल अर्लिक यांनी 1909 मध्ये मांडला. 1950 च्या दशकात मॅकफार्लेन बर्नेट आणि लुइस थॉमस यांनी त्याला रीतसर सिद्धांताचं रूप दिलं: शरीरात चोवीस तास गस्त चालते. ऐकायला इतकं पटतं की पुरावा मागायचं भान राहत नाही. पण ऑसियस स्टुटमन यांनी मागितला. त्यांनी बिनकेसांचे, जन्मतः थायमस ग्रंथी नसलेले उंदीर घेतले. थायमस नाही म्हणजे टी-पेशी, म्हणजे गस्तीवरच्या मुख्य पेशी, घडणार नाहीत, म्हणजे गस्त बंद. या उंदरांना आणि साध्या उंदरांना कॅन्सरकारक रसायन टोचलं. 1974 चा निष्कर्ष: दोन्ही गटांत गाठी सारख्याच. झालं, गस्तीचा सिद्धांत पुढची वीस-पंचवीस वर्षं अडगळीत.

मग लक्षात आलं की त्या बिनकेसांच्या उंदरांत यंत्रणा पूर्ण बंद नव्हतीच. दुसऱ्या प्रकारच्या मारेकरी पेशी शिल्लक होत्या, थोड्याफार टी-पेशीसुद्धा होत्या. 2001 मध्ये रॉबर्ट श्रायबर यांच्या गटाने टी आणि बी दोन्ही पेशी मुळातच बनू शकत नाहीत असे उंदीर वापरले, तेव्हा मात्र गाठी जास्त आल्या आणि लवकर आल्या. त्यातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट पुढची आहे. बिनगस्तीच्या उंदरात वाढलेली गाठ काढून निरोगी उंदरात लावली, तर त्यातल्या बऱ्याच गाठी नव्या यजमानाने मोडून काढल्या. उलट निरोगी उंदरात वाढलेली गाठ दुसऱ्या निरोगी उंदरात लावली तर ती आरामात रुजली. पोलिसांच्या नाकाखाली वाढलेला चोर आणि गावात पोलीसच नसताना वाढलेला चोर, यांच्यात फरक असतोच. पहिला हातचलाखी शिकूनच मोठा होतो.

म्हणजे धडधाकट माणसाला कॅन्सर होतो तेव्हा 'याची प्रतिकारशक्ती कमी होती' असं म्हणता येत नाही. त्याची गस्त चालू असतानाच, तिला चकवून तो वाढलेला असतो. हे मुद्दाम सांगते आहे, कारण आपल्याकडे आजारी बाईला भेटायला जाऊन "तू मनाला फार लावून घेतेस ना, म्हणून प्रतिकारशक्ती गेली बघ तुझी" असं म्हणायची रीत पडली आहे. सोबत शहाळं आणि मोसंबी असतात, त्यामुळे बोलणाऱ्याला आपण काही वाईट बोललो असं वाटतही नाही. बाई मात्र रात्रभर छताकडे बघत हिशेब मांडते, कुठल्या साली मी फार रडले होते.

माणसांतला पुरावा 2007 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ग्रूलिच आणि सहकाऱ्यांनी दोन गट शेजारी ठेवले. एकीकडे एचआयव्ही किंवा एड्स असलेले 4 लाख 44 हजार लोक, दुसरीकडे अवयव प्रत्यारोपण झालेले सुमारे 32 हजार. या दोघांत काही साम्य नाही. वय वेगळं, राहणी वेगळी, सवयी वेगळ्या. एकाची ढाल विषाणूने उतरवली, दुसऱ्याची डॉक्टरने गोळ्या देऊन, जाणूनबुजून, नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून. तरी तपासलेल्या 28 कॅन्सरांपैकी 20 दोन्ही गटांत वाढलेले निघाले. सवयींना दोष देण्याची सोय राहिली नाही. समान धागा एकच, खालावलेली प्रतिकारशक्ती.

आणि यादी बघा. वाढलेल्यांपैकी बहुतेकांचा संबंध जंतूंशी आहे, किंवा असावा असा दाट संशय आहे. एचपीव्ही या विषाणूमुळे होणारे गर्भाशयमुखाचे, गुदद्वाराचे. एपस्टीन-बार विषाणूशी जोडलेले लिम्फोमा. नागीण विषाणूच्याच कुळातल्या आठव्या भावंडामुळे होणारा कापोसी सार्कोमा. हिपॅटायटिस बी आणि सीमुळे यकृताचा. उलट स्तनाचा आणि प्रोस्टेटचा, म्हणजे आपल्या ओळखीपाळखीत सगळ्यांत जास्त ऐकू येणारे, वाढलेले नव्हते.

हे एकदा डोक्यात बसलं की सगळं चित्र फिरतं. 'प्रतिकारशक्ती कमी म्हणून कॅन्सर' हे धूसर वाक्य जाऊन त्याजागी नेमकी गोष्ट येते: अमुक विषाणू शरीरात आहे, त्याला एरवी यंत्रणा दाबून ठेवते, ती दमली की तो मोकळा सुटतो. नेमक्या गोष्टीवर नेमका इलाज असतो. एचपीव्हीला लस आहे, हिपॅटायटिस बीला लस आहे, गर्भाशयमुखाची तपासणी आहे. काढ्याला इथे काही काम नाही.

काचपट्टीवर हे कसं दिसतं ते सांगते, माझा प्रांत तोच. एचपीव्हीने धरलेली पेशी ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. पॅप तपासणीत, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन रंगवल्या की, पेशीचं केंद्रक निळं-जांभळं दिसतं. या पेशीत केंद्रकाभोवतीचा भाग खोडरबराने पुसल्यासारखा पांढरा होतो, कडा मात्र ठसठशीत, आणि मधलं केंद्रक मनुक्यासारखं सुरकुतलेलं. तिला कोइलोसाइट म्हणतात. तरुण स्त्रियांच्या पट्ट्यांवर ती दिसली म्हणून कधी घाबरायचं नसतं. एचपीव्हीचा संसर्ग दहांतल्या नऊ जणींमध्ये साधारण दोन वर्षांत आपोआप निघून जातो. पुढच्या खेपेची पट्टी स्वच्छ येते. गस्तीने आपलं काम केलेलं असतं, बाईला पत्ताही नसतो.

एक पट्टी मात्र आठवते. सोबतच्या फॉर्मवर वय 31, आणि उजव्या कोपऱ्यात लाल शाईचा गोल. कुठल्या संस्थेतली गोष्ट ते सांगण्यात अर्थ नाही, तेव्हा हा लाल गोल बऱ्याच ठिकाणी असायचा आणि त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असायचा: एचआयव्ही. पट्टीवर भरपूर कोइलोसाइट, काही पेशी थोड्या पुढे गेलेल्या. मी लिहिलं, सहा महिन्यांनी पुन्हा तपासावं. पुन्हा पट्टी आली ती चार वर्षांनी. तीही तपासणी म्हणून नाही, अंगावरून रक्त जातं म्हणून. या वेळी सुरकुतलेले मनुके नव्हते. बेडकाच्या पिल्लांसारख्या शेपट्या फुटलेल्या, नारिंगी रंगाच्या, काळवंडलेल्या केंद्रकांच्या पेशी होत्या, मागे मळकट चोथा. ज्यांनी हे काम केलंय त्यांना पुढचं सांगायला नको: कॅन्सर.

मी सहसा फॉर्मच्या पलीकडे जात नाही. त्या दिवशी गेले. बाई एआरटीवर होती, नियमित. दर महिन्याला त्याच इमारतीत, तळमजल्यावर येऊन गोळ्या घेऊन जात होती. एक खाडा नाही. चार वर्षं, अठ्ठेचाळीस फेऱ्या. स्त्रीरोग विभाग दुसऱ्या मजल्यावर. मधले दोन जिने कुणी तिला चढायला सांगितलं नाही. माझा शेरा कुठल्या फाइलला लागला होता, देव जाणे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की साध्या स्त्रीमध्ये बिघडलेल्या पेशींपासून गर्भाशयमुखाचा कॅन्सर व्हायला 15 ते 20 वर्षं लागतात, प्रतिकारशक्ती खालावलेल्या स्त्रीमध्ये ते 5 ते 10 वर्षांत होऊ शकतं. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला या कॅन्सरचा धोका सुमारे सहापट. म्हणूनच संघटनेने 2021 मध्ये वेगळं वेळापत्रक दिलं: इतर स्त्रियांची तपासणी तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी, एचआयव्ही असलेल्यांची पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही या स्त्रियांची तपासणी सांगितलेली आहेच. कागदावर आपण कधीच मागे नसतो.

पुण्याने याची लाज जरा जास्त वाटून घ्यायला हवी असं माझं मत आहे. भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (आता तिचं नाव बदललं आहे) 1992 पासून उभी आहे. वेळेवर औषध सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग जवळजवळ थांबतो, हे 2011 मध्ये जगाला पटवून देणाऱ्या चाचणीत पुणेही एक केंद्र होतं. हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटमध्ये एचपीव्हीच्या 6, 11, 16 आणि 18 या चार प्रकारांविरुद्धची सर्व्हाव्हॅक लस बनते. आणि इथून चार-पाच तासांवर, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने 1 लाख 31 हजारांवर खेडूत स्त्रियांवर झालेला अभ्यास 2009 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये छापून आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. संशोधन इथलं, लस इथली, पुरावा इथल्या बायांनी दिलेला. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या 30 ते 49 वयाच्या किती स्त्रियांनी ही तपासणी कधीतरी करून घेतली होती? 1.9 टक्के.

आता दुसऱ्या रांगेकडे. तिथली गोष्ट उलट्या बाजूने बिघडलेली आहे, तिथे माहिती पोचली पण अर्धीच.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना सहा वर्षांपूर्वी किडनी बसवली. काकूंनी दिली. (आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायकाच फार, त्यावर वेगळा लेख होईल.) सकाळी नऊ आणि रात्री नऊ, मोबाइलचा गजर वाजला की काका गोळ्यांचा डबा उघडणार, यावर घड्याळ लावावं. मग गेल्या दिवाळीच्या सुमारास व्हॉट्सअॅपवर काहीतरी आलं: तुमच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो. गंमत अशी की हेही खोटं नाही. सायक्लोस्पोरिन आणि अॅझाथायोप्रिन ही दोन्ही औषधं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या यादीत, म्हणजे माणसात कॅन्सर घडवतात हे सिद्ध झालेल्यांच्या यादीत, बसलेली आहेत. अमेरिकेतल्या पावणेदोन लाख प्रत्यारोपणांच्या 2011 च्या अभ्यासात एकूण कॅन्सरचा धोका दुपटीने निघाला. काकांनी हे कुणाला विचारलं नाही. रात्रीची गोळी अर्धी करायला लागले. वर कुणीतरी प्रेमाने दिलेला गुळवेलीचा काढा.

किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन 1.3 वरून 2.4 झालं तेव्हा घरात कळलं. बायोप्सीत रिजेक्शन, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारतंय. तीन दिवस शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस, म्हणजे ज्या गोष्टीला घाबरून काका पळाले तीच गोष्ट बादलीभर. किडनी वाचली, पूर्वीइतकी नाही.

घरी आल्यावर मी भेटायला गेले. काका गॅलरीत बसले होते. म्हणाले, "तुम्हीच सांगा ताई, गोळी घेतली तर कॅन्सर, नाही घेतली तर किडनी. माणसाने करायचं काय?"

"गोळी घ्यायची, आणि तपासण्या करायच्या. डोस किती हे तुमचे डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही. तोंड कधी कुणी तपासलंय तुमचं?"

"तोंड? ते कशाला?"

काकू आतून म्हणाल्या, "अहो, डबी दाखवा की त्यांना."

खिशातून चुन्याची डबी निघाली. चाळीस वर्षांची सवय. सहा वर्षांत किती वेळा रक्त तपासलं याचा हिशेब काकूंकडे वहीत आहे, पण गालाच्या आत टॉर्च मारून कुणी पाहिलेलं नव्हतं. ज्या देशात पुरुषांचा पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर तोंडाचा आहे, तिथे गस्त मुद्दाम मंद केलेल्या माणसाच्या तोंडात तंबाखू, आणि ओपीडीच्या छापील कागदावर त्यासाठी एक ओळही नाही.

इथे परदेशी यादी जशीच्या तशी उचलण्यातही घोटाळा आहे. गोऱ्या कातडीच्या देशांत प्रत्यारोपणानंतर त्वचेचा कॅन्सर कित्येक पटींनी वाढतो, म्हणून तिथल्या पुस्तिकांमध्ये पानंच्या पानं ऊन आणि सनस्क्रीनवर असतात. आपल्या सावळ्या कातडीला तो धोका पुष्कळ कमी. आपल्या पुस्तिकेत पहिलं पान तोंडाचं हवं, दुसरं गर्भाशयमुखाचं, तिसरं यकृताचं. मी एका खासगी रुग्णालयाची मराठी पुस्तिका चाळली, तिच्यात चांगलं अर्धं पान सनस्क्रीनवर होतं. भाषांतर उत्तम होतं.

संधिवाताच्या रांगेबद्दल थोडक्यात, कारण तिथे घाबरवण्यासारखं कमी आहे आणि घाबरवणारे जास्त. टीएनएफ हे जळजळ वाढवणारं प्रथिन रोखणाऱ्या इंजेक्शनांबद्दल सुरुवातीला भीती होती तितका कॅन्सर पुढच्या अभ्यासांत दिसला नाही. टोफासिटिनिब या गोळीबद्दल मात्र 2022 मध्ये आलेली मोठी चाचणी लक्षात ठेवावी. पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांत या गोळीवर 4.2 टक्के लोकांना कॅन्सर झाला, टीएनएफच्या इंजेक्शनवर 2.9 टक्क्यांना. गोळी बंद करा असा याचा अर्थ नाही. साठीचा, विडी ओढणारा रुग्ण समोर असेल तर डॉक्टरने दोन मिनिटं जास्त बोलावं, एवढाच आहे.

पुन्हा टेबलाकडे येते, कारण 'काढ्याने बरं नाही झालं तरी वाईट काय होणार' हा युक्तिवाद मला रोज टेकडीवर ऐकू येतो. एक तर प्रतिकारशक्ती ही गच्चीवरची टाकी नाही, की पातळी खाली गेली की मोटर चालू करून भरावी. तिच्यात हल्ला करणाऱ्या पेशी आहेत तसे लगाम धरणाऱ्याही आहेत, आणि लगाम सुटला तर स्वतःच्याच सांध्यांवर, थायरॉइडवर, आतड्यांवर हल्ला होतो. 2018 चं वैद्यकाचं नोबेल जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांना मिळालं ते, कॅन्सर हे लगाम वापरून गस्तीला थोपवतो आणि औषधाने ते सोडवता येतात, या शोधासाठी. ती औषधं घेणाऱ्यांपैकी काहींना त्यातूनच आतड्यांची, यकृताची, क्वचित हृदयाचीही गंभीर जळजळ होते. 2025 चं नोबेल तर थेट लगाम धरणाऱ्या पेशींवरच्या कामाला गेलं. खरोखर प्रतिकारशक्ती 'वाढवणारं' औषध असं दिसतं: इस्पितळात, देखरेखीखाली, धाकधूक घेऊन. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये 1976 पासून बीसीजी, म्हणजे क्षयाची लसच, नळीने थेट मूत्राशयात सोडतात, तेही खरं उदाहरण आहे, आणि ते बीसीजीही हडपसरला बनत आलं आहे. त्याचा थर्मास कुणी मांडत नाही.

आणि गुळवेल. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला सूज आल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद चालू राहील. पण ज्याच्या शरीरात दुसऱ्याची किडनी आहे, त्याच्या बाबतीत वाद कसला? त्या काढ्याने प्रतिकारशक्ती खरंच वाढत असेल तर ती सगळ्यांत आधी त्या किडनीवरच धावून जाणार. नसेल वाढत तर पैसे वाया. दोन्ही बाजूंनी तोटा असलेला व्यवहार पुणेकराला तरी समजावा.

मी म्हणते ते एवढंच: गोळी जिथे मिळते तिथेच तपासणी व्हावी. वेगळी मोहीम नको, वेगळं शिबिर नको, फीत कापायला कुणी नको. एआरटी केंद्राच्या शेजारच्या खोलीत एक टेबल, एक पडदा, एक प्रशिक्षित नर्स. एचपीव्ही तपासणीसाठीचा नमुना स्त्रीला स्वतःला घेता येतो, पडद्याआड, दोन मिनिटांत. ते किट नसेल तर गर्भाशयमुखाला पातळ अॅसिटिक अॅसिड लावून मिनिटभर थांबायचं, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं व्हिनेगरच म्हणा, आणि पांढरा डाग उमटतो का बघायचं. डाग लहान असेल तर त्याच बैठकीत उष्णता देऊन जाळता येतो. केंद्रावर येणाऱ्या मुलींना एचपीव्हीची लस द्यावी. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना एक डोस पुरत नाही, शक्य असेल तर तीन द्यावेत असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, म्हणजे 'सगळ्या मुलींबरोबर तिलाही एक' असं करून हात झटकता येणार नाहीत. आणि प्रत्यारोपणाच्या ओपीडीत वर्षातून एकदा तोंडात टॉर्च, तंबाखूची विचारपूस, बायकांसाठी दुसऱ्या मजल्यावरची चिठ्ठी.

यावर मला तीन गोष्टी ऐकवल्या जातात. पहिली, आता एआरटी इतकी चांगली आहे की याची गरज नाही. औषध खरंच चांगलं आहे. कापोसी आणि लिम्फोमा त्याने झपाट्याने खाली आणले. पण गर्भाशयमुखाच्या बाबतीत तितका झपाटा दिसला नाही, कारण बऱ्याच जणींमध्ये औषध सुरू होईपर्यंत विषाणूने घर केलेलं असतं. शिवाय मोफत एआरटी 2004 मध्ये सुरू झाली तेव्हा तिशीत असलेल्या बाया आज पन्नाशीत आहेत. त्या जगल्या, हे यशच. जगलेल्या माणसाला उतारवयाचे आजार होतात, त्यांची तयारी करणं हा त्याच यशाचा पुढचा हप्ता आहे.

दुसरी, आधी सगळ्या स्त्रियांची तपासणी होऊ द्या, यांनाच वेगळं का. 1.9 टक्क्यांच्या देशात 'आधी सगळ्या' याचा अर्थ 'कुणीच नाही' असा होतो. ज्यांचा धोका सहापट, ज्यांचा पत्ता आपल्याकडे नोंदलेला आणि ज्या स्वतःच्या पायांनी आपल्या दारात येतात, त्यांच्यापासून सुरुवात करायला कुठलं तत्त्व आड येतं?

तिसरी हरकत मात्र मी झटकून टाकत नाही. वेगळी खोली केली की वेगळी रांग होते, आणि रांगेकडे बघणारे डोळे असतात. लाल गोल मी विसरलेले नाही. म्हणूनच तपासणी त्या बाईंना बाहेर पाठवून नको, जिथे त्या आधीच आहेत तिथेच हवी. चिठ्ठीवर कारण लिहायचं नाही, नाव मोठ्याने पुकारायचं नाही. हे पैशाचं काम नाही, शिस्तीचं आहे, आणि म्हणून जास्त अवघड.

पैशाचंच म्हणाल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपण किमोचे, रेडिएशनचे, शस्त्रक्रियेचे पैसे देतोच. शेपट्या फुटलेल्या पेशींवर खर्च करायला तिजोरी तयार आहे. सुरकुतलेल्या मनुक्यांवर करायला नाही.

मागच्या महिन्यात एका ओळखीच्या समुपदेशक ताईंबरोबर एका एआरटी केंद्रात तासभर बसले. माझ्यासमोरच्या बाकावर चाळिशीच्या एक बाई होत्या. खिडकीतून बाटल्या हातात आल्या, तीन महिन्यांच्या, स्थिर असलेल्यांना आता एकदम मिळतात. त्यांनी बाकावर पिशवी उघडली, प्रत्येक बाटलीवरचं लेबल नखाने सोललं, मग पर्समधून कापूस काढून झाकणाखाली दाबून भरला. ताई हळूच म्हणाल्या, "पीएमटीत खुळखुळ वाजते ना. शेजारची विचारते, कसल्या गोळ्या." बाईंनी एकेक बाटली कानाशी नेऊन हलवून पाहिली. आवाज येत नाही अशी खात्री झाली तेव्हा पिशवीत वर मेथीची जुडी ठेवली, पदर सारखा केला आणि निघाल्या.

मी ताईंना विचारलं, यांची खालची तपासणी कधी झालीय का. त्यांनी रजिस्टर उघडलं. रकाना होता. छापील. त्या पानावरचा आणि मागच्या दोन पानांवरचा मी बोट फिरवत पाहिला.

"मॅडम," ताई म्हणाल्या, "स्त्रीरोगची ओपीडी मंगळवार-शुक्रवार असते. आमचं वाटप आज, बुधवारी."

आणि बाई तोपर्यंत गेटबाहेर.